पुन्हा जाऊन बघणं

माझं पहिलं मुखपृष्ठ छापून आलं ते १९९८ च्या जुलैमध्ये. उपयोजित कलेचं शिक्षण संपवून जेमतेम वर्ष झालं होतं आणि पुण्यात नारायण पेठेतल्या एका लहानशा स्टुडिओत मी नोकरीला लागले होते. पुस्तक एका वयस्कर बाईंच्या आठवणींचं होतं. मुखपृष्ठाला मी गडद तपकिरी रंग घेतला आणि त्यावर वाड्याच्या दाराची कडी. मलपृष्ठावर बाईंच्या लेखनाविषयी आठ-दहा ओळी होत्या. त्या मी त्याच तपकिरीवर पांढऱ्या, बारीक अक्षरांत घेतल्या. नऊ पॉइंट. पडद्यावर ते इतकं देखणं दिसत होतं की शेजारच्या टेबलावरच्यांना बोलावून मी ते दाखवलं होतं.

छपाई चालू असताना छापखान्यात जाऊन उभं राहावं, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. फाइल दिली, छपाईसाठीच्या पॉझिटिव्ह फिल्म निघाल्या, आपलं काम संपलं अशी माझी समजूत होती. छापलेलं पुस्तक मी पाहिलं ते थेट प्रकाशनाच्या कार्यक्रमात. मी पहिल्याच रांगेत बसले होते. बाईंच्या हातात प्रत आली, टाळ्या वाजल्या. बाईंनी पुस्तक उलटं केलं आणि मलपृष्ठावरचा मजकूर वाचायला लागल्या. जरा वेळानं त्यांनी पुस्तक लांब धरलं. मग दिव्याकडे तिरकं केलं. चष्मा काढला, पदराला पुसला, पुन्हा लावला. शेवटी ते शेजारी बसलेल्या भाचीकडे देत म्हणाल्या, “वाच गं, काय लिहिलंय.” भाचीलाही सगळं वाचता आलं नाही.

सत्तरीत पहिलं पुस्तक निघालेल्या बाईंना आपल्याविषयी लिहिलेलं चांगलं वाचता आलं नाही, आणि ते माझ्यामुळे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी छापखाना गाठला. मशीन चालवणारे एक गृहस्थ होते, सगळे त्यांना मामा म्हणत. मी पुस्तक पुढे केलं. त्यांनी गठ्ठ्यातून एक छापील ताव ओढून उजेडात पसरला, खिशातून भिंग काढून मलपृष्ठाच्या ओळींवर ठेवलं आणि म्हणाले, “बघा ताई.”

मी वाकून पाहिलं. पडद्यावर जी स्वच्छ पांढरी रेघ होती, ती कुठेच नव्हती. अक्षराच्या एका कडेला गुलाबी किनार, दुसऱ्या कडेला निळसर. ‘ध’चं पोट भरून गेलेलं. शिरोरेघ मध्येच तुटलेली. अनुस्वार तर पार बुजलेले.

मामांनी मला समजावून सांगितलं. तो तपकिरी रंग एका शाईचा नव्हता. निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शायांचे ठिपके मिळून तो दिसत होता. त्यात पांढरं अक्षर ठेवायचं म्हणजे चारही शायांमध्ये त्या आकाराची मोकळी जागा सोडायची. त्या चार मोकळ्या जागा एकमेकींवर तंतोतंत बसल्या तरच अक्षर पांढरं दिसणार. त्यांच्याकडचं मशीन एकरंगी, म्हणजे तोच कागद चार वेळा आत जाणार. त्यात आषाढातली हवा. दोन रंगांच्या मधे रात्रभर थांबलेला कागद दमट होऊन किंचित वाढला होता. किंचित म्हणजे मिलिमीटरचा एखादा अंश. पण माझ्या अक्षराची रेघ तरी त्याहून किती जाड होती?

“मशीनला चित्र कळत नाही ताई, ठिपके कळतात,” मामा म्हणाले. “बारीक अक्षर पांढरंच पाहिजे असलं तर मागचा रंग एका शाईतला घ्या. आणि अक्षर जरा ठळक घ्या. छापताना आला असतात तर मी तेव्हाच दाखवलं असतं.”

पहिली आवृत्ती ११०० प्रतींची होती. प्रकाशक मला एका शब्दानं बोलले नाहीत, पुढचं मुखपृष्ठही त्यांनी मलाच दिलं. पण त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या अंगवळणी पडली. आपण केलेली वस्तू जिथे तयार होते तिथे जायचं, आणि जिथे वापरली जाते तिथेही जायचं. काम झाल्यावर पुन्हा जायचं.

आता माझा स्वतःचा स्टुडिओ आहे. दर वर्षी चार-पाच मुलं-मुली कामाला येतात, कधी उन्हाळ्यापुरती, कधी कायमची. त्यांचे आईवडील विचारतात, शिक्षक विचारतात, मुलं स्वतःही विचारतात, की सुरुवातीलाच चांगला डिझायनर कसा ओळखता? चित्रकला पाहता का, सॉफ्टवेअर किती येतात ते पाहता का? हात चांगला असणं ही मोठीच गोष्ट आहे, ती मी कमी लेखणार नाही. पण इतक्या वर्षांत माझ्याकडे सुरेख हाताची कितीतरी मुलं आली आणि त्यातली काही होती तिथेच थांबली. जी पुढे गेली, त्यांच्यात एक सवय सारखी होती. ती आपल्या कामाकडे वापरणाऱ्याच्या जागी उभी राहून बघायची. आणि तिथून काही चुकलेलं दिसलं, तर ती चूक आपल्याकडे घ्यायची.

मुलाखतीला येणाऱ्यांकडे हल्ली लॅपटॉपवर सजवलेला पोर्टफोलिओ असतो. कधीच न उघडलेल्या कॅफेचा लोगो, कधीच न विकल्या गेलेल्या साबणाचं वेष्टन, आणि ते सगळं संगमरवरी टेबलावर, खिडकीतल्या तिरप्या उन्हात ठेवल्यासारखं दाखवलेलं. कॉलेजात ते करावं लागतं, त्यात वावगं काही नाही. पण मी एक प्रश्न हमखास विचारते : यातलं छापून काय आलंय? कुणाच्या हातात काय पडलंय?

एकदा लातूरकडचा एक मुलगा आला होता. कला महाविद्यालयात गेलेला नव्हता. गावात डीटीपीचं काम करायचा, लग्नपत्रिका, हँडबिलं, दहाव्याची कार्डं. माझा प्रश्न ऐकून त्यानं पाकिटातून महाप्रसादाचं एक कूपन काढलं. त्याच्या गणेश मंडळाचं, दोन रंगांत छापलेलं. पहिल्या वर्षी कूपनाचा क्रमांक त्यानं एकाच बाजूला टाकला होता. दारावरचे कार्यकर्ते गर्दीत पटापट कूपन फाडत होते, आणि रात्री हिशेबाला बसल्यावर कळलं की जवळ राहिलेल्या तुकड्यांवर क्रमांकच नाही. किती पानं उठली ते कुणालाच सांगता येईना. पुढच्या वर्षी त्यानं क्रमांक दोन्ही तुकड्यांवर घेतला, फाडायची रेघ मधोमध न ठेवता एका बाजूला सरकवली आणि गणपतीचं चित्र लहान केलं. “पहिल्या वर्षी फाडताना गणपती मधोमध फाटत होता,” तो म्हणाला, “म्हाताऱ्या माणसांना ते बघवत नव्हतं. मी दारातच उभा होतो.”

मी त्याला त्याच दिवशी घेतलं. ते कूपन काही सुंदर नव्हतं, अक्षरांना नको तितक्या सावल्या होत्या. सावल्या काढायला आठवडाभरात शिकवता येतं. दारात उभं राहायला शिकवणं अवघड असतं.

त्याच मुलानं पुढे आम्हाला एका मोठ्या चुकीतून वाचवलं. सह्याद्रीतल्या भटकंतीचं एक पुस्तक होतं. लेखकाचा मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये होता, तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागला. मराठी पुस्तकं करणाऱ्याला हे दुखणं माहीत असतं. दिसायला सगळं नीट येतं आणि एखादं अक्षर गुपचूप बदललेलं असतं. प्रूफं दोनदा वाचून झाली होती, पण ती बदल करण्याआधी. पानं लावण्याचं काम या मुलाकडे होतं. तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. “ताई, कड्यावरून खाली खोल दर्या दिसतो का?”

आम्ही फाइल तपासली. पुस्तकभर ‘दऱ्या’चं ‘दर्या’ झालं होतं. सह्याद्रीच्या कुशीत जागोजागी समुद्र आला होता. ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘वाऱ्या’ असं जे जे होतं, ते सगळं रफार घेऊन बसलं होतं. मराठीत र आणि य जवळ आले की दोन निराळे उच्चार होतात आणि ते दाखवायच्या खुणाही निराळ्या आहेत. आचार्यांना जेवायला बोलावणं आणि आचाऱ्यांना बोलावणं यात काय फरक आहे ते मराठी माणसाला सांगायला नको. यंत्राला ते सांगावं लागतं, आणि सांगितलं गेलं आहे की नाही ते माणसाला वाचून पाहावं लागतं.

त्याला कुणी वाचायला सांगितलं नव्हतं. पानं लावणाऱ्यांपैकी पुष्कळजण मजकुराकडे करड्या रंगाचा चौकोन म्हणून बघतात. इथे दोन ओळी वाढल्या, तिथे एक कमी करा, बस्स. आमच्या धंद्यात मजकुराला ‘मॅटर’ म्हणतात, आणि मॅटर वाचणारा डिझायनर हा माझ्या लेखी अर्धी लढाई जिंकलेला डिझायनर. मॅटर वाचला की कुठे थांबायचं, काय ठळक करायचं, कुठला शब्द ओळीच्या शेवटी एकटा पडता कामा नये, हे मजकूरच सांगायला लागतो.

लहानपणी मी वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती कापून वहीत चिकटवायचे. त्यातली कितीतरी शीर्षकं कमल शेडगे यांच्या हातची होती, हे मला फार उशिरा कळलं. १९३५ साली जन्मलेल्या आणि २०२० मध्ये गेलेल्या या माणसानं मराठी रंगभूमीला अक्षरांचा चेहरा दिला. काळ्या-पांढऱ्या, हातभरही नसलेल्या त्या चौकटीत नुसत्या नावाच्या वळणावरून नाटक हसवणारं आहे की काळजात कळ उठवणारं, ते कळायचं. ते शीर्षक आधी नीट वाचलं गेलं होतं, म्हणूनच तसं उमटलं होतं.

मराठी अक्षराची स्वतःची काही मागणी असते. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, ऱ्हस्व-दीर्घ. इंग्रजी मजकुराला जितकी जागा ओळींच्या मधे सोडतात तितकीच मराठीला सोडली, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. पानं लावायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ हा पर्याय निवडला नाही तर जोडाक्षरं सुटी होतात, वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. हे सगळं शिकायला महिना पुरतो. पण ओळ अडकली आहे, वाचणाऱ्याला ठेच लागते आहे, हे दिसण्यासाठी ती ओळ स्वतः वाचावी लागते. नवख्या मुलाला मी तीन पानं मोठ्यानं वाचायला लावते. जिथे जीभ अडखळते तिथे बोट ठेवायला सांगते. दहातल्या आठ वेळा दोष मांडणीत सापडतो.

उन्हाळ्यात येणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशी स्वारगेटला पाठवते. दोन तास एसटी स्टँडवर बसायचं. काही काढायचं नाही, फोटो घ्यायचे नाहीत. माणसं आपली गाडी कशी शोधतात एवढंच बघायचं आणि परत येऊन सांगायचं.

बहुतेक मुलं परत येतात ती स्टँडचा नवा आराखडा घेऊन. नवीन बाण, नवीन रंग, नवीन चिन्हं. उत्साह असतो, तो मी मोडत नाही. पण माणसांबद्दल विचारलं की गप्प होतात.

एका वर्षी साताऱ्याकडची एक मुलगी तिथून आली आणि वहीत बघून सांगायला लागली. भिंतीवरच्या वेळापत्रकापाशी फारसं कुणी थांबत नाही, लोक चौकशीच्या खिडकीत विचारतात किंवा शेजाऱ्याला. गाडी वळण घेऊन आत येते तेव्हाच माना वर होतात, म्हणजे पाटी वाचायला मिळतात जेमतेम चार-पाच सेकंद. ज्या गाडीवर रंगवलेली पाटी होती ती आजीबाईंनीही लांबून वाचली. जिच्यावर सरकती दिव्यांची अक्षरं होती, तिथे गावाचं नाव फिरून येईपर्यंत गाडी पुढे गेलेली. आणि लोक गावाच्या नावाइतकंच ‘मार्गे’ काय आहे ते बघतात, कारण त्यांना शेवटपर्यंत जायचं नसतं, मधेच उतरायचं असतं.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला अहमदनगर आणि पुण्यादरम्यान धावली. तेव्हापासून पत्र्याच्या पाट्यांवर गावांची नावं रंगवणाऱ्या हातांना कुणी डिझायनर म्हटलं नाही. पण मोठं अक्षर कोणतं, लहान कोणतं, कुठला रंग उन्हातही आणि कंदिलातही दिसेल, हे त्यांनी रस्त्यावर उभं राहून ठरवलं होतं. त्या मुलीला दोन तासांत ते दिसलं.

आपल्याकडे डिझाइनचं शिक्षण उभं राहिलं त्याच्या मुळाशीही असंच पाहणं आहे. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी जोडपं भारत सरकारच्या निमंत्रणावरून देशभर फिरलं आणि १९५८ मध्ये त्यांनी आपला अहवाल दिला. त्यानंतर १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सर्वांत जास्त कौतुक केलं ते लोट्याचं. आणि कौतुक करताना प्रश्न विचारले : पाणी किती न्यायचं, कमरेवर न्यायचं की डोक्यावर, भरल्यावर तोल कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, आतून घासता येतो का. माझी आजी पितळी कळशी कमरेवर घेऊन विहिरीवरून यायची. कळशीचा गळा तिच्या हाताच्या विळख्यात बसायचा, पोट कमरेवर टेकायचं. तो आकार कुण्या एकानं एका बैठकीत काढलेला नाही. पिढ्यान्पिढ्या कुणीतरी पाणी भरून पाहिलं, कुठे रुततं ते सांगितलं आणि तांबटानं पुढची कळशी जराशी बदलली. माझ्या दृष्टीनं आमच्या धंद्याचं सगळं शहाणपण त्या ‘जराशी बदलली’मध्ये आहे.

स्वारगेटला माणसं बघून आलेल्या त्या मुलीची एक गोष्ट मला सविस्तर सांगायची आहे.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पुढच्या वर्षी एका संस्थेनं आमच्याकडे सुरक्षित फवारणीचं पोस्टर करायला दिलं. कृषी सेवा केंद्रात, पंपाच्या खोलीत, चावडीवर लावता येईल असं. काम तिनं मागून घेतलं. पहिला आराखडा अगदी नेटका होता. हिरवी चौकट, आठ चित्रं, प्रत्येकाखाली एक ओळ. हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा, वाऱ्याकडे पाठ करून फवारा, फवारताना खाऊ-पिऊ नका, रिकामा डबा घरात वापरू नका. मला तो आवडला. मी तो तसाच पुढे पाठवायला तयार होते.

ती म्हणाली, “ताई, एकदा दाखवून येऊ?”

आम्ही दोघी जुन्नर तालुक्यातल्या एका गावात गेलो. टोमॅटोच्या रानाच्या कडेला, झाडाखाली, जेवणाच्या सुट्टीत तिनं कागद पसरला. तिनं कुणाला काही समजावलं नाही. फक्त विचारलं, “यात काय दिसतंय?”

रिकाम्या डब्यावर लाल फुली होती. एक बाई म्हणाल्या, “औषध संपलंय.” जेवणाऱ्या माणसावर फुली होती. दुसऱ्या म्हणाल्या, “उपाशी राहायचं?” चौकटीकडे बोट दाखवून एक आजोबा म्हणाले, “हिरवं म्हणजे पिकाला चांगलं.” मग त्यांनी खोपटातून एक बाटली आणून दाखवली. कीटकनाशकाच्या वेष्टनावर कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असतो, त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. सौम्य, पण विषच. आजोबांच्या हिशेबी हिरव्या रंगाची बाटली हाताळायला फडकंही लागत नव्हतं. आणि आमच्या पोस्टरला आम्ही त्याच रंगाची चौकट घातली होती.

आणखी एक गोष्ट तिच्या कानानं टिपली. आमच्या कागदावर सगळीकडे ‘कीटकनाशक’ होतं. झाडाखाली तो शब्द कुणीच उच्चारला नाही. सगळे ‘औषध’ म्हणत होते. औषध आणलं, औषध मारलं, औषध संपलं. ज्या शब्दानं मूल बरं होतं तोच शब्द विषाला लागलेला.

परत येताना गाडीत ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, “मला सांगता आलं नाही.”

हे वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं लिहिते आहे. कारण याच जागी बहुतेक नवशिके म्हणतात, “त्यांना कळलं नाही.” माझ्या मते डिझायनर घडतो की नाही, ते या दोन वाक्यांमधून तो कुठलं उचलतो त्यावर ठरतं. पहिलं म्हणणारा घरी येऊन नवा कागद घेतो. दुसरं म्हणणारा तेच पोस्टर पुढच्या गावात लावतो.

तिनं नवा कागद घेतला. हिरवी चौकट गेली. फुल्या गेल्या. एका चित्राच्या जागी दोन-दोन चित्रं आली : डब्यातून पाणी पिणारं मूल, आणि शेजारी खाटेवर पडलेलं तेच मूल. आधी साबणानं हात धुणारा माणूस, मग भाकरी खाणारा. ‘कीटकनाशक’च्या जागी ‘विषारी औषध’ आलं. आठ सूचनांच्या पाच झाल्या, कारण पाचांच्या पुढे झाडाखालच्या कुणाचंच लक्ष टिकलं नव्हतं. वर मधोमध मोठी लाल धोक्याची खूण. पहिल्या आराखड्यापेक्षा ते दिसायला ओबडधोबड होतं. ती पुन्हा त्या गावात गेली, यावेळी एकटीच, आणि आल्यावर एवढंच म्हणाली, “वाचतात.”

पुन्हा जाऊन बघण्याची ही सवय मुलांना लागायची, तर आम्ही मोठ्यांनी आपलं वागणंही तपासायला हवं. नव्यानं कामाला लागलेल्या मुलांना आपण काय काम देतो? एकच जाहिरात वीस आकारांत बसवायची, सणाच्या शुभेच्छांचे चौकोन करायचे, सकाळी दहाला सांगून दुपारी बाराला मागायचे. वर्षभर असं केलेल्या मुलाला नजर कशी येणार? नोकरी देण्याआधी ‘चाचणी’ म्हणून फुकट काम करून घेण्याची रीत तर मला सरळ अन्याय वाटते. तरुण माणसाला मेहनताना द्यावा, आणि महिन्यातले दोन दिवस बाहेर जाण्यासाठी द्यावेत. छापखान्यात, दुकानात, दवाखान्यात, रानात, जिथे आपलं काम पोचतं तिथे. त्या दिवसांचं बिल लागत नाही म्हणून पुष्कळ ठिकाणी ते दिले जात नाहीत. मला मामांनी जे भिंगाखाली दाखवलं ते कुठल्याही वर्गात मिळालं नव्हतं, आणि त्यासाठी त्यांनी मला अर्धा तास थांबवून घेतलं होतं, मशीन बंद ठेवून.

आता ते एकरंगी मशीन राहिलं नाही. प्लेट थेट संगणकावरून निघते, चारही रंग एका फेरीत छापले जातात. चित्र तर आता एक वाक्य लिहिलं की समोर येतं. मुलं काळजीनं विचारतात, मग आमचं काय? मी त्यांना टोमॅटोच्या रानातल्या त्या दुपारबद्दल सांगते. हिरव्या रंगाला आजोबा काय म्हणाले, हे कळायला त्यांच्याशेजारी मांडी घालूनच बसावं लागलं होतं.

त्या पोस्टरची गोष्ट मी इथेच संपली असं धरून चालले होते. काम झालं, पैसे मिळाले, संस्थेनं पत्र पाठवून आभार मानले. पुढच्या वर्षी जूनमध्ये ती सुट्टीवरून आली आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. गावी जाताना ती वाट वाकडी करून जुन्नरला गेली होती, कुणी न सांगता. फोटोत पंपाच्या खोलीचं दार होतं आणि दारावर आमचं पोस्टर. मूल निळसर दिसत होतं, भाकरी निळसर. आणि वर मधोमध, जिथे धोक्याची लाल खूण होती, तिथे नुसता फिकट डाग.

“लाल उडालाय ताई.”

पिवळी आणि किरमिजी शाई उन्हात आधी विटते, निळी आणि काळी टिकते. लाल रंग बनतो तो त्या पहिल्या दोघींपासून. केस कापायच्या दुकानात उन्हानं निळी पडलेली चित्रं मी जन्मभर पाहत आले आहे. चार शायांचा धडा तर मी एका बाईंच्या पुस्तकावर शिकले होते, आणि तोही पावसाळ्यापुरताच. उन्हाळ्याचा धडा मला तिनं दिला. वर्षभर जी खूण सर्वांत ठळक राहायला हवी होती, तीच सर्वांत आधी पुसली गेली होती.

“काळ्यात घ्यायला हवी होती,” ती म्हणाली. “आणि कागदावर नको. पत्र्यावर घेऊ. एसटीच्या पाटीसारखं.”

मी संस्थेला फोन लावला. बोलणं होईपर्यंत तिनं कागद ओढून पत्र्याचा आकार आखायला घेतला होता, आणि कोपऱ्यांत खिळ्यांसाठी चार भोकं.